बत्तीस खोल्यांचा अंदाज

अमेरिकी फुटबॉलचा ड्राफ्ट बहारीनमध्ये सुरू होतो शुक्रवारी पहाटे तीन वाजता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा गुरुवारच्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. शुक्रवार इथे सुट्टीचा, त्यामुळे जागरणाची फिकीर नसते. मनामाच्या जुफैर भागात अमेरिकी नौदलाचा तळ आहे, पाचव्या आरमाराचं मुख्यालयही तिथेच. साहजिकच या बेटावर हा खेळ पाहणारे आणि त्यावर तावातावाने बोलणारे भरपूर. त्यांच्या सहवासात आपल्याकडच्या माणसांनाही खेळाची नाही तरी ड्राफ्टची गोडी लागते. खेळाचे नियम कळायला वेळ लागतो. ‘कोणता संघ कुणाला उचलणार’ हा प्रश्न मात्र आयपीएलच्या लिलावाने आपल्या अंगवळणी पाडलेला आहे.

इथे बोली नसते, रांग असते. संघ ३२. मागच्या मोसमात जो तळाला गेला त्याला पहिली निवड, जो जिंकला त्याला शेवटची. अशा सात फेऱ्या, तीन दिवस, अडीचशेच्या वर नावं. शाळा सुटून किमान तीन वर्षं झालेला कॉलेजचा खेळाडू यात येऊ शकतो आणि ज्याने नाव पुकारलं त्याच्याकडेच त्याला जावं लागतं. पगारही त्याच्या गुणांवर नाही, रांगेतल्या क्रमांकावर ठरतो. आधी असं नव्हतं. २०१० साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार घेऊन गेला. एका अननुभवी पोरावर एवढी रक्कम पाहून संघमालकांचे डोळे पांढरे झाले, २०११ मध्ये नियम बदलले आणि त्या वर्षीच्या पहिल्या खेळाडूला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे साधारण २ कोटी २० लाख मिळाले. तेव्हापासून क्रमांक सांगा आणि पगार ओळखा, असा हिशेब आहे. म्हणून ‘हा कितवा जाईल’ या प्रश्नावर खेळाडूच्या घरातली माणसं, त्याचा एजंट आणि पैजा घेणारे, सगळेच डोळा ठेवून असतात.

या प्रश्नाचं उत्तर आधीच लिहून ठेवण्याला मॉक ड्राफ्ट म्हणतात. ३२ संघ, ३२ नावं, प्रत्येक संघापुढे एक. अमेरिकेत जानेवारीपासून असे कागद रोज निघतात. ईएसपीएनवरचा मेल कायपर हा १९८४ पासून हेच करतो आहे आणि त्यावर त्याचं आयुष्य सुखात गेलं आहे. अंदाज कितपत बरोबर आला हे मोजण्याची एक रूढ पद्धतही आहे: खेळाडू पहिल्या फेरीत जाईल एवढं बरोबर आलं तर एक गुण, तो नेमक्या त्याच संघाकडे गेला तर आणखी दोन. पहिल्या प्रकारचे गुण सोपे आहेत. दुसऱ्या प्रकारात भल्याभल्यांची दमछाक होते. ३२ पैकी आठ-दहा जोड्या जुळल्या तर तो माणूस मिशीवर ताव देत फिरतो.

हे एवढं अवघड का? पहिलं कारण बहारीनच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. साखीरच्या वाळवंटातल्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या गाड्यांची मोसमापूर्वीची चाचणी होते. फेब्रुवारी २०२५ मधल्या तीन दिवसांच्या चाचणीत सर्वांत वेगवान फेरी मारली विल्यम्सच्या कार्लोस साइन्झने. त्या आकड्यावर विश्वास ठेवणारा वर्षअखेरीस तोंडघशी पडला असता: संघांचं विजेतेपद मॅक्लारेनने नेलं, विल्यम्स पाचवा. चाचणीत कोण किती पेट्रोल भरून धावतो हे बाहेरच्याला कळत नाही. दहा किलो इंधन जास्त असलं तर फेरीमागे साधारण तीन दशांश सेकंद जातात; त्यात कुणी मऊ टायर लावलेले, कुणी कडक. जाणकारांनी साइन्झची ती एक फेरी सोडून मॅक्लारेनच्या लागोपाठच्या लांब फेऱ्या पाहिल्या आणि ते बरोबर ठरले.

अमेरिकी फुटबॉलचं साखीर म्हणजे इंडियानापोलिस. दरवर्षी ड्राफ्टच्या आधी तिथे तीनशेच्या वर खेळाडू बोलावतात. ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत पळतो; १०२ किलोचं वजन झोपून किती वेळा उचलतो; उभ्या जागेवरून किती उंच उडतो. या ४० यार्डांचा विक्रम २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ सेकंदांत केला. क्वार्टरबॅक टॉम ब्रॅडीला हेच अंतर कापायला ५.२८ सेकंद लागले होते. २००० साली तो सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर गेला आणि पुढे त्याने सात विजेतेपदं मिळवली. हे उदाहरण इतक्यांदा सांगितलं जातं की त्याचा कंटाळा यावा. पण त्यावरून ‘मोजमाप फोल आहे’ असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही. मोजमाप खरं असतं, त्याचा प्रश्न वेगळा असतो. घड्याळ सांगतं पोरगा किती वेगाने पळतो. क्वार्टरबॅकचं काम पळण्याचं कमी, अंगावर धावून येणाऱ्या दीडशे किलोच्या माणसाकडे दुर्लक्ष करून चेंडू कुठे टाकायचा हे ठरवण्याचं जास्त. त्यासाठी घड्याळ नाही. संघांना इंडियानापोलिसमध्ये खरा रस असतो तो डॉक्टरांच्या तपासणीत आणि बंद दाराआडच्या मुलाखतीत, आणि नेमक्या याच दोन गोष्टी अंदाज लिहिणाऱ्याला दिसत नाहीत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये शेड्योर सँडर्सच्या निमित्ताने हे सगळ्यांना कळलं. कॉलोराडो विद्यापीठाचा हा क्वार्टरबॅक, वडील डीऑन सँडर्स म्हणजे या खेळातलं दैवतच, आणि कॉलेजात प्रशिक्षकही तेच. हिवाळ्यातल्या बहुतेक अंदाजांत तो पहिल्या तिघांत होता. कायपरने त्याला अखेरपर्यंत गुणवत्तेच्या यादीत पहिल्या पाचांत ठेवलं. एप्रिलमधले सावध लोक त्याला २१ व्या क्रमांकावरच्या पिट्सबर्गपर्यंत खाली आणून थांबले, कारण पिट्सबर्गला क्वार्टरबॅक हवा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. पिट्सबर्गने त्या क्रमांकावर बचाव फळीतला एक धिप्पाड गडी घेतला. पहिली फेरी संपली. बहारीनमध्ये उजाडून गेलं होतं. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी, इथल्या शनिवारी रात्री, पाचव्या फेरीत १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलँडने त्याचं नाव घेतलं. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले होते आणि त्यातला एक क्लीव्हलँडनेच ९४ व्या क्रमांकावर घेतला होता. पहिल्या क्रमांकावरच्या कॅम वॉर्डला चार वर्षांचे ४ कोटी ८० लाख डॉलरच्या वर मिळाले, सँडर्सला ४६ लाखांच्या आसपास.

इतके जाणकार एकाच वेळी कसे चुकले? माझ्या मते ते खेळाडू पाहत राहिले आणि प्रश्न खेळाडूचा नव्हताच. मॉक ड्राफ्टमध्ये ‘कोण चांगला खेळतो’ हे विचारलेलं नसतं. विचारलेलं असतं की ३२ बंद खोल्यांमध्ये बसलेली माणसं काय ठरवतील. त्या खोल्यांत सँडर्सबद्दल काय बोललं गेलं याचे तपशील कधीच पुरते बाहेर आले नाहीत. मुलाखतीत तो आवडला नाही, बापाच्या छायेचं ओझं नको होतं, हात तितका दमदार वाटला नाही, असं बरंच छापून आलं. त्यातलं काहीही खरं असो, टीव्हीवर सामने पाहून ते कळण्यासारखं नव्हतं. आणि खोलीतून बाहेर येणारी बातमी मुद्दाम सोडलेली असू शकते. एखाद्या संघाला अमुक खेळाडू हवा असेल तर तो तमुकचं कौतुक पत्रकारांच्या कानावर घालतो. प्रत्येक संघाला ड्राफ्टआधी ३० खेळाडूंना आपल्या मुक्कामी बोलावता येतं. त्यातले काही निव्वळ इतरांची दिशाभूल करायला बोलावतात असं म्हणतात. मला ते सहज खरं वाटतं. आपल्याकडे लग्नाच्या स्थळांची चौकशी करणाऱ्यांना यात नवीन काही वाटायचं नाही.

त्यात रांग मोडते. संघ आपापसांत क्रमांकांची अदलाबदल करतात. वरच्या क्रमांकासाठी खालचे किती द्यायचे याचा एक तक्ता १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉईजने केला. पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, बत्तिसाव्याला ५९०. संघांनी आता आपापले नवे तक्ते केले असले तरी कल्पना तीच. अशी एक अदलाबदल पाचव्या क्रमांकावर झाली की तुमच्या कागदावरची पुढची सत्तावीस नावं हलतात. तुम्ही सहाव्याला जो दिला तो पाचव्यावर गेला. मग सहावा संघ दुसऱ्या कुणाला घेतो. तो ज्याच्यासाठी होता त्या संघाची पंचाईत होते. चूक एकच, पण तिला पिल्लं होतात. म्हणून अनुभवी माणूस वरच्या तीन-चार जागांवर पक्का अभ्यास करतो आणि खाली नावांपेक्षा गटांचा विचार करतो: या टप्प्यात कोणत्या संघांना बचावपटू हवा, आणि तसे चांगले किती उरले आहेत. तीन संघांना हवा आणि दोनच उरले, तर कुणीतरी अदलाबदल करून वर येणार.

खोलीत बसलेल्यांना तरी नीट कळतं का? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी याचा हिशेब केला. थेलरना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. एकाच जागेवर खेळणारे, एकामागोमाग एक निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांना आढळली ५२ टक्के. नाणं उडवलं तर ५०. तरीही संघ वर चढण्यासाठी भरमसाट किंमत मोजतात, आपली पारख इतरांहून सरस आहे याची प्रत्येकालाच खात्री असते म्हणून. १९३६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा नऊ संघ होते, पारखी कुणाकडेच नव्हते, भिंतीवर नव्वद नावं लिहिलेली होती. पहिला निवडला गेला तो जे बरवँगर. तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही; पगार पटला नाही म्हणून दुसऱ्या धंद्याला लागला.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जातो तो प्रो कबड्डीचा लिलाव, आणि त्यातलं सर्वांत बोलकं नाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचं आहे. हुंदळेवाडीकडचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या लिलावात यू मुंबाकडे ३६ लाख ४० हजारांना गेला. त्या मोसमात त्याने चढाईचे दोनशेच्या वर गुण घेतले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं, त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. पोराने पुन्हा दोनशेच्या वर गुण काढले, म्हणजे खेळाडूबद्दलचा अंदाज शंभर टक्के बरोबर. आणि बारा संघांत टायटन्स अकरावे आले. एका चढाईपटूवर तिजोरीचा मोठा हिस्सा गेला की कोपरारक्षक आणि मध्यरक्षक उरल्या पैशांत घ्यावे लागतात. ड्राफ्टमध्ये क्रमांक हे चलन असतं आणि ते सगळ्यांना दिसतं. लिलावात कुणाच्या खिशात त्या क्षणी किती उरलं आहे यावर भाव ठरतो. तोच खेळाडू पहिल्या तासात पुकारला तर एक किंमत, चौथ्या तासात पुकारला तर दुसरी. त्यामुळे कबड्डीचा मॉक करायचा तर नावांच्या यादीशेजारी एक जमाखर्चाची वही ठेवावी लागते, आणि आपले समालोचक ती ठेवताना फारसे दिसत नाहीत. ‘हा कोटीच्या वर जाणार’ म्हटलं की त्यांचं काम झालं.

अशी वही उघडायला बहारीनमध्येच एक निमित्त झालं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे आशियाई युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. त्यात कबड्डी पहिल्यांदाच होती आणि भारताने दोन्ही सुवर्णपदकं घेतली. मुलांची अंतिम लढत इराणशी, ३५-३२. असा अटीतटीचा सामना निवडणाऱ्याला बरंच काही शिकवतो: शेवटच्या पाच मिनिटांत चढाईला कोण गेला, बोनस घेऊन कोण परतला, घाईने उडी टाकून पकड कुणी सोडली. प्रो कबड्डीत नवख्या तरुणांसाठी लिलावाबाहेरचा एक दरवाजा आहे. संघ त्यांना थेट करारबद्ध करतात. पुणेरी पलटणने आपली तरुण फळी बरीचशी अशीच बांधली आणि अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली दहाव्या मोसमाचं विजेतेपद मिळवलं. तेव्हा बहारीनमध्ये खेळलेल्या या पोरांपैकी कोण कुठे जाईल हे सांगायचं असेल, तर कोणत्या संघाच्या अकादमीतला माणूस कुणाच्या सरावाला वारंवार जाऊन बसतो, ते आधी शोधावं लागेल.

मुलींनी त्याच इराणला ७५-२१ असं हरवलं. त्यांचा मॉक मात्र कुणालाच करता येणार नाही. प्रो कबड्डीत मुलींचा लिलाव नाही. २०१६ मध्ये तीन संघांची महिलांची एक छोटी स्पर्धा त्या लीगच्या जोडीने झाली आणि तिथेच थांबली. कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या घरी अंदाज बांधला जातो तो रेल्वेच्या क्रीडा कोट्यात यंदा किती जागा निघतील याचा.