नशा नसलेला गांजा आणि व्याख्येचा प्रश्न



विषयाचं नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाने गांजावर काय बोलायचं? पण प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. अलीकडे युरोप-अमेरिकेत घरगुती लागवडीसाठी कॅनाबिसचा एक वेगळा वाण विकला जातो. त्यात नशा आणणारं टीएचसी हे द्रव्य अगदी थोडं असतं, सीबीजी हे दुसरं द्रव्य भरपूर असतं, आणि रोप कुंडीत अडीच-तीन महिन्यांत तयार होतं. याला गांजा म्हणायचं का? आणि नाही म्हटलं, तर तो लावायची मोकळीक आहे का? हे दोन प्रश्न एकच वाटतात. ते वेगळे कसे आहेत, हे आज पाहू.

आधी वाण समजून घेऊ. टीएचसी आणि सीबीजी ही दोन्ही द्रव्यं इस्रायलमध्ये मेशूलम आणि गाओनी यांनी १९६४ मध्ये वेगळी करून दाखवली. झाडात आधी सीबीजीचं आम्लरूप तयार होतं. मग वेगवेगळी विकरं त्यापासून टीएचसी, सीबीडी वगैरेंची आम्लरूपं घडवतात. एकाच कणकेची पोळी होते, पुरी होते, तसंच हे. साहजिकच पक्व झाडात कणीक फारशी उरत नाही, सीबीजी बहुधा एक टक्क्याहून कमीच सापडतं. पण काही झाडांत जनुकातल्या बदलामुळे ही विकरं जवळजवळ निकामी असतात. लाटणारे हातच नाहीत, म्हणून कणीक परातीत तशीच राहते. सीबीजीने समृद्ध वाण म्हणतात तो हा.

दुसरा गुण आपोआप फुलण्याचा. आपल्याकडे शेवंती दसरा-दिवाळीच्या सुमारास बहरते, कारण रात्र लांबली हे तिला कळतं. सामान्य कॅनाबिसही रात्र मोजूनच फुलतो. पण १९२४ मध्ये यानिशेव्हस्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘रुडेरालिस’ या नावाने एका रानटी, बुटक्या प्रकाराचं वर्णन केलं. या प्रकारातली झाडं रात्र मोजत नाहीत, वय मोजतात. पेरल्यावर तीन ते पाच आठवड्यांत फुलायला लागतात, दिवस कितीही मोठा असो. उत्तरेकडच्या थोडक्या उन्हाळ्यात जगायचं तर असंच घाईने जगावं लागतं. याची किंमतही आहे बरं का. फांदी तोडून लावली तर ती आईचं वय घेऊनच येते, म्हणून दर वेळी बीच पेरावं लागतं. आणि सुरुवातीला रोप खुरटलं तर भरून काढायला वेळ उरत नाही.

हे दोन्ही गुण साधारणपणे अप्रभावी आहेत, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच पूर्णपणे दिसतात. ज्यांना मेंडेलचे वाटाणे आठवत असतील त्यांनी हिशोब करावा : संकराच्या दुसऱ्या पिढीत सोळांतलं साधारण एकच रोप दोन्ही गुण घेऊन येतं. निवड करणाऱ्याला चिकाटी लागते ती इथे.

आता व्याख्येकडे येऊ. आपले नैयायिक लक्षणाचे तीन दोष सांगतात आणि उदाहरण गायीचं देतात. ‘कपिल रंगाची ती गाय’ म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेली ती गाय’ म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. ‘एक अखंड खूर असलेली ती गाय’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव.

‘नशा आणणारी वनस्पती म्हणजे गांजा’ हे लक्षण घेऊन पाहा. आपला हा वाण बाहेर राहतो आणि धोतरा आत येतो. एका वाक्यात दोन दोष!

मग टक्केवारीचं लक्षण आलं. स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी टीएचसीची ०.३ टक्के ही रेघ सुचवली. ती स्वेच्छेने ओढलेली आहे, हे त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. पुढे अमेरिकेच्या २०१८ च्या शेतीविषयक कायद्यात तीच रेघ आली. पण फूल पिकतं तसं टीएचसी वाढतं. समजा, आज ०.२५ आहे आणि पंधरवड्याने ०.३५ झालं, तर झाड तेच, कुंडी तीच, फक्त नाव बदललं. पाकिटावरचा आकडा तर वाणाचा असतो, तुमच्या कुंडीतल्या रोपाचा नव्हे. तो प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, डोळ्यांना आणि नाकाला तर मुळीच नाही.

तिसरं लक्षण कुळाचं, आणि आपल्या देशाने ते स्वीकारलं आहे. १९८५ चा एनडीपीएस कायदा सांगतो की कॅनाबिसचं झाड म्हणजे त्या प्रजातीतली कोणतीही वनस्पती. आणि गांजा म्हणजे तिचे फुला-फळांचे शेंडे. टक्केवारीचा तिथे उल्लेख नाही. परवान्याशिवाय लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. औद्योगिक लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं, उत्तराखंडाने तसं केलंही आहे, पण गॅलरीतली कुंडी त्यात बसत नाही. सुटं बी गांजाच्या व्याख्येबाहेर आहे, हे खरं. पण पेरलं की ते रोप झालं!

तर्काच्या दृष्टीने हे लक्षण निर्दोष आहे, कारण यातून एकही झाड सुटत नाही. अडचण हेतूत आहे. कायद्याचा रोख नशेवर आहे आणि खूण मात्र कुळाची. तुम्ही म्हणाल, हा अन्याय झाला. पण झाड समोर आल्यावर अंमलदाराला कुळ ओळखता येतं, टक्के नाही. कायद्याला व्यवहारात चालणारी खूण लागते. ती बदलावी का, यावर जरूर वाद घालावा. पण तोवर ‘यात नशा नाही’ हे उत्तर न्यायालयात दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर ठरतं.

आपल्यापैकी काहींची मुलं जर्मनीत आहेत. तिथे १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला घरी तीन रोपं लावता येतात. तिथला छंद सामानातून इथे आणू नये, एवढं त्यांना आवर्जून सांगा.

शेवटचा प्रश्न गुडघेदुखीवाल्यांचा : याने बरं वाटतं का? सीबीजीवरचं बरंचसं काम प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेलं आहे, माणसांवरच्या चाचण्या थोड्या आहेत. त्याचं भावंड असलेल्या सीबीडीमुळे वॉर्फरिनसारख्या औषधाचा परिणाम वाढू शकतो, हे मात्र नोंदलेलं आहे. तेव्हा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी परदेशातही असं काही घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

थोडक्यात, झाडात काय आहे हे रसायनशास्त्र सांगेल, लावता येतं का हे कायदा सांगेल, आणि गुण येतो का हे वैद्यक सांगेल. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खात्यात जमा करू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.