अठराच्या आत, पण खटला मोठ्यांसारखा!

'अजून अठरा पुरी व्हायचीत त्याला. फार तर तीन वर्षं रिमांड होम!' कुणाच्या मुलाच्या हातून काही आक्रीत घडलं की हे वाक्य ठरलेलं. मैत्रिणींनो, एके काळी ते खरं होतं. आता सरसकट खरं राहिलेलं नाही. आणि हे ठाऊक नसल्यानं घरची माणसं नेमक्या वेळी स्वस्थ बसतात.

डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या भीषण प्रकरणात एक आरोपी अठराच्या आतला होता. त्याला तीन वर्षांपलीकडे ठेवता आलं नाही. लोक खवळले, आणि २०१५ चा नवा बाल न्याय कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला.

बारीकसारीक चोरी-मारामारीला ही तरतूद नाही, बरं का! गुन्ह्याच्या दिवशी मुलाला सोळा पूर्ण हवीत आणि गुन्हा अतिगंभीर हवा. म्हणजे ज्याला कायद्यानं किमान सात वर्षांची शिक्षा सांगितली आहे असा. उदाहरणार्थ खून, बलात्कार.

अशा वेळी बाल न्याय मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक तपासणी करतं. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक. त्यांत निदान एक स्त्री. गुन्हा केला की नाही हे इथं ठरत नाही. मुलाची कुवत किती, परिणामांची समज किती, परिस्थिती कोणती, एवढंच पाहतात. सदस्यांत बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये बजावलं आहे.

मंडळानं ठरवलं तर खटला बाल न्यायालयात जातो. नाव 'बाल', पण बसतं ते सेशन्स कोर्टाच्या पातळीवर! मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का, हे तेही पुन्हा तपासतं. चालवला आणि दोषी ठरला, तर शिक्षेला तीन वर्षांची मर्यादा राहत नाही. मात्र फाशी नाही, की सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप नाही.

एकवीस पुरी होईपर्यंत मुलाला तुरुंगात धाडत नाहीत. वेगळ्या सुरक्षित जागी ठेवतात. तिथं शिक्षण, हुन्नर, समुपदेशन मिळायला हवं. शिक्षा बाकी असेल, तर एकविसाव्या वर्षी न्यायालय पाहतं, मुलगा सुधारला का? सुधारला असेल तर देखरेखीखाली सुटू शकतो. नाहीतर उरलेली वर्षं मोठ्यांच्या तुरुंगात.

मग घरच्यांनी काय करावं? शाळेचा जन्मतारखेचा दाखला ताबडतोब काढावा. सारं वयावर अडतं. वकील परवडत नसेल तर मोफत मागावा, तो मुलाचा हक्क आहे. परिविक्षा अधिकारी घरी आले तर लाजेपोटी काही लपवू नये. बापाचं दारूचं व्यसन, सुटलेली शाळा, वाईट संगत, सगळं सांगावं. त्यांच्या अहवालातूनच घरची परिस्थिती मंडळाला कळते. मंडळाचा निर्णय पटला नाही, तर तीस दिवसांत अपील करता येतं.

आणि शेवटचं. ज्याचं नुकसान झालं, त्या घराचं दुःख मोठंच आहे. ते विसरून चालणार नाही. पण पोराला टाकूनही देऊ नका. भेटीला जात राहा. एकविसाव्या वर्षी तो काय झाला हे न्यायालय पाहील, तेव्हा त्याच्यामागं कुणीतरी उभं असायला हवं.