हशाचा नकाशा

पनवेलच्या एखाद्या पोरानं मित्रांकडून पैसे गोळा करून दीड तासाचा विनोदी सिनेमा बनवला, तर तो विकायला त्यानं जायचं कुणाकडे? हॉलिवूडमध्ये असलं काही करणाऱ्याला लोक सांगतात, आधी एजंट गाठ. तो दिग्दर्शकासाठी काम आणतो, करारावर घासाघीस करतो आणि मिळकतीतले दहा टक्के घेतो. पनवेलमध्ये ‘एजंट पाहिजे’ म्हणालात तर समोरचा विचारेल, आरटीओचा की जागेचा? सिनेमा विकून देणारा असा एक माणूस आपल्याकडे फारसा घडलाच नाही. त्याचं काम चार-पाच जणांत वाटलं गेलं. ते कसं वाटलं गेलं हे बघायला लागलं की एक भलताच नकाशा हाती लागतो.

हा नकाशा वितरकांचा. सिनेमाच्या धंद्यात देशाचे तुकडे केलेले आहेत, त्यांना ‘सर्किट’ म्हणतात, आणि या तुकड्यांना १९५६ची भाषावार प्रांतरचना किंवा १९६०चा महाराष्ट्र कधी समजलेलाच नाही. पनवेल मुंबई सर्किटात येतं. त्याच सर्किटात गुजरात येतो, गोवा येतो आणि चक्क बेळगाव-धारवाडही येतं, कारण हद्द मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्याची आहे. सीमाप्रश्न कोर्टात लोंबकळत पडलाय. सिनेमावाल्यांच्या वहीत बेळगाव मुंबईतून कधी गेलंच नव्हतं! उलट नागपूर-अमरावती ‘सीपी-बेरार’मध्ये आणि मराठवाडा ‘निझाम’मध्ये. संस्थान बुडून पाऊणशे वर्षं झाली, तरी नांदेडला सिनेमा लावायचा म्हणजे निझामाशी व्यवहार. पनवेल स्टँडवरून नांदेडच्या एसटीत बसलेला प्रवासी वाटेत एक सरहद्द ओलांडतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. रेल्वेचं जंक्शन म्हणून भुसावळला वितरकांची मोठी पेठ होती. मुंबईत हाच बाजार लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ सिनेमाच्या आवारात भरायचा. निर्माता रिळांच्या पेट्यांच्या भरवशावर तिथे जिने चढायचा आणि आपला सिनेमा सर्किटागणिक विकायचा.

यात विनोदी सिनेमाचं काय होतं? इथे दादा कोंडके आठवणं भाग आहे. १९७१ साली त्यांनी स्वतःच्या पैशानं ‘सोंगाड्या’ काढला. लेखन वसंत सबनिसांचं, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं. दादरच्या कोहिनूर थिएटरनं तो बाजूला सारून देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचं ठरवलं, तेव्हा दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले. शिवसैनिक थिएटरवर पोचले आणि सिनेमा लागला. पुढे दादांच्या ओळीनं नऊ सिनेमांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे पंचवीस आठवडे, केला आणि गिनेस बुकात नोंद झाली. एजंटाची ही कामगिरी कुठल्याच टक्केवारीत बसत नाही, पण ती सगळ्यांना परवडणारीही नाही.

मला या गोष्टीतल्या शिवसैनिकांपेक्षा पंचवीस आठवड्यांचं गणित जास्त चकित करतं. त्या काळी बऱ्याच ठिकाणी थिएटर आठवड्याच्या ठरलेल्या भाड्यानं घेतलं जाई. भाडं आणि कर वजा जाता गल्ला वितरकाचा, त्यातून निर्मात्याचा. ‘होल्डओव्हर’ नावाचा एक आकडा करारात असे. गल्ला त्याच्या खाली जाईपर्यंत थिएटरवाल्याला सिनेमा उतरवता येत नसे. म्हणजे दहाव्या आठवड्यातलं हाऊसफुल्ल पहिल्या आठवड्यातल्या इतकंच मोलाचं. विनोदी सिनेमाला हे अगदी मानवायचं, कारण विनोद तोंडातोंडी पसरतो. एकानं ऑफिसात डायलॉग म्हणून दाखवायचा, दुसऱ्यानं रविवारी घरच्यांना घेऊन जायचं. प्रिंट मोजक्याच असत, त्यामुळे तालुक्याच्या गावी सिनेमा उशिरा पोचायचा, पण त्याआधी त्याची कीर्ती पोचलेली असायची.

मल्टिप्लेक्सनं हे गणित उलटं केलं. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं भांडण मिटलं तेव्हा वितरकाचा वाटा ठरला तो असा: पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३०. आकडे पुढेमागे होतात, उतरंड मात्र कायम. शिवाय आता सिनेमा डिजिटल. पनवेल, पुणे, परभणी, सगळीकडे एकाच शुक्रवारी. जो सिनेमा तिसऱ्या आठवड्यात लोकांच्या तोंडी बसणार, त्याचा वाटा नेमका तेव्हाच घटलेला असतो, तेही सकाळी साडेनऊचा शो शिल्लक राहिला असेल तर. २०१५ मध्ये सरकारनं मराठीला संध्याकाळी सहा ते नऊची वेळ द्यायचं ठरवलं, मग वाटाघाटी होऊन ती दुपारी बारा ते रात्री नऊ झाली. दुपारी बाराला प्राइम टाइम म्हणणं हा विनोद कुठल्या लेखकाला सुचला नसता.

म्हणून आजच्या विक्रेत्याचं खरं काम सिनेमा लागण्याआधीचं. वितरक ‘एमजी’ देतो, म्हणजे किमान रक्कम आगाऊ. नाहीतर कमिशनवर सिनेमा घेतो आणि प्रसिद्धीचा खर्च तुमच्याच माथी येतो. ओटीटीला वेगळा मध्यस्थ, परदेशाला ‘सेल्स एजंट’ वेगळा. हे लोक भेटण्याची जागा आपल्यापासून फार लांब नाही: २००७ पासून गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत एनएफडीसी या सरकारी महामंडळाचा फिल्म बाजार भरतो. उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ हा गावच्या उनाड बैलाचा सिनेमा २००८ साली थेट रॉटरडॅमच्या महोत्सवात गेला होता, तेव्हा डच माणूस आपल्या बैलाला हसत नाही असं कुणी समजू नये.

फक्त तो हसतो वेगळ्या वेळी. सबटायटलची ओळ पडद्यावर उमटते ती वाक्य सुरू होतानाच, आणि डोळा कानापेक्षा वेगवान. नटानं वाक्याच्या शेवटी राखून ठेवलेला टोला प्रेक्षकानं आधीच वाचलेला असतो. हशा उठतो आणि नट अजून बोलतोच आहे. जाणते लोक ती ओळ दोन तुकड्यांत तोडतात, टोला दुसऱ्या तुकड्यात. दुसरी अडचण याहून अवघड: विकत घेणारा तुमचा सिनेमा लिंकवर, लॅपटॉपवर, एकटा बघतो. एकटा माणूस मोठ्यानं हसत नाही. भयपट एकट्यालाही घाबरवतो, विनोदाला मात्र शेजारची खुर्ची लागते. त्यामुळे लिंक पाठवण्याआधी पनवेलमध्येच अनोळखी शे-दीडशे माणसं जमवून एक खेळ करावा आणि खरेदीदाराला त्यांच्यात बसवावं. नातेवाईक नकोत, ते कशालाही हसतात.

एवढं करूनही सिनेमा विकला गेला नाही, तरी त्याची गोष्ट विकली जाऊ शकते. १९५५ चा बंगाली ‘जॉय मा काली बोर्डिंग’ १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जींच्या हातून ‘बीवी और मकान’ झाला. त्यावरून १९८८ मध्ये आपला ‘अशी ही बनवाबनवी’ आला आणि १९९१ मध्ये तीच गोष्ट तेलुगूत गेली. घर मिळेना म्हणून बायकांचं सोंग घेणारे भाडेकरू भाषा बदलत राहिले. तेव्हा वितरकाच्या करारावर सही करताना रिमेकच्या हक्काचं कलम शोधावं. ते बहुधा शेवटच्या पानाच्या आधीच्या पानावर, ‘इतर सर्व हक्क’ या तीन शब्दांत दडलेलं असतं. तेवढं खोडून घ्यावं.