रूफटॉप टेंटमधली थंडी: वरून नाही, खालून येते!

गेल्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, डिसेंबरमध्ये किन्नौरमार्गे काझाला चाललोय. गाडीवर रूफटॉप टेंट आहे. रात्री आत छोटी गॅसची शेगडी लावली तर चालेल का?"

नाही. पुढचं ऐकलं नाहीत तरी चालेल, पण एवढं ऐका. गॅस, कोळसा, रॉकेल, बंद जागेत काहीही जाळलं तरी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. काझा साडेतीन हजार मीटरच्या वर, त्यामुळे आपण म्हणतो, "उंचीचा त्रास असेल." आणि झोपेत असाल तर तेवढंही कळत नाही. डिझेल हीटर वेगळा. त्यात इंधन बाहेर जळतं, धूर बाहेर जातो आणि पाइपमधून फक्त गरम हवा आत येते. पण तो महाग, आणि फिटिंग जाणकाराकडूनच.

मग शेगडीशिवाय काय करायचं? आधी उष्णता जाते कुठे ते बघू. जमिनीवरच्या तंबूखाली निदान वारा वाहत नाही. आपल्या तंबूचा बराचसा तळ हवेत असतो आणि खालून रात्रभर वारा. त्यात स्लीपिंग बॅगची गंमत अशी की ऊब धरते ती तिच्यात अडकलेली हवा. अंगाखाली बॅग दबली की ती हवा गेली. म्हणून पोट गरम आणि पाठ गार! अशा वेळी लोक वरून आणखी एक ब्लँकेट घेतात. एरर एका फाइलमध्ये, फिक्स दुसऱ्या फाइलमध्ये.

टेंटसोबतची गादी मऊ असते, पण तिच्यावर फोमची किंवा हवेची मॅट टाकाच. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते आणि दोन मॅटची बेरीज होते: २ आणि ३ मिळून ५. कडक थंडीला एकूण ५ किंवा जास्त हवी. आजीची गोधडी? आणा की! अंगाखाली छान काम करते, फक्त दिवसा उन्हात वाळवा, सुती कापड ओल धरतं.

बॅग घेताना 'कम्फर्ट'चा आकडा बघा. 'एक्स्ट्रीम' म्हणजे जेमतेम जीव वाचेल, झोप नव्हे. काझाला डिसेंबरच्या रात्री पारा उणे १५ च्याही खाली जातो.

आणि हो, खिडक्या गच्च बंद करू नका. श्वासातली वाफ कापडावर गोठते, सकाळी वितळून बॅगवर ठिबकते, आणि ओली बॅग पुढच्या रात्री कामाची नाही. वरच्या बाजूला दोन ठिकाणी फट ठेवा.

माझी सगळ्यात आवडती युक्ती स्वस्त आहे. स्टीलच्या साध्या, एकपदरी बाटलीत गरम पाणी (थर्मास नको, त्याची ऊब बाहेरच येत नाही), झाकण घट्ट, वर मोजा, आणि बाटली मांड्यांमध्ये. तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी तास-दोन तास मस्त जातात. पाणी अर्थात बाहेर तापवायचं.

लघवी लागली तर उठा, कुढत पडलात तर झोप लागणार नाही. फक्त हेडलॅम्प लावून, शिडीकडे तोंड करून उतरा. पायऱ्यांवर दहिवर गोठलेलं असतं.