आधी मजबुती, मग वेग

जुना पिकअप वाळवंटातल्या शर्यतीसाठी तयार करायचा म्हटलं की प्रत्येक जण आधी इंजिनाचं विचारतो. ताकद किती वाढवणार? मोठं इंजिन बसवणार का? म्हैसूरच्या बन्नीमंटप औद्योगिक वसाहतीत जुन्या जीप आणि पिकअप दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. माझं उत्तर ठरलेलं असतं : इंजिनाचं सगळ्यात शेवटी बघू. ताकद कमी पडली म्हणून वाळवंटात हरलेली गाडी क्वचित सापडेल. धूळ आत गेली, पाणी उकळलं, चासी तडकली, पाटा तुटला किंवा एखादा नट ढिला होऊन पडला, म्हणून थांबलेल्या गाड्या मात्र शेकड्यांनी सापडतात.

या खेळाचा इतिहासही हेच सांगतो. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात 1967 मध्ये तिहुआना ते ला पाझ अशी शर्यत झाली. व्हिक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी ती 27 तास 38 मिनिटांत जिंकली. त्यांची ‘मायर्स मँक्स’ ही फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर बांधलेली हलकी, साधी बग्गी होती. 26 डिसेंबर 1978 रोजी थिएरी साबीन या फ्रेंच माणसाने पॅरिसहून पहिली डकार शर्यत सोडली. आदल्याच वर्षी तो दुसऱ्या एका रॅलीत आफ्रिकेच्या वाळवंटात वाट चुकला होता. त्या पहिल्या डकारला 182 वाहनं निघाली आणि शेवटपर्यंत पोचली फक्त 74. पोचणं हाच तिथे अर्धा विजय असतो.

2020 पासून डकार सौदी अरेबियात होते. 2021 पासून तिच्याबरोबर जुन्या गाड्यांसाठी ‘डकार क्लासिक’ भरते. तिथे सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग अचूक राखायचा असतो. उशिराला दंड, तसा लवकर पोचण्यालाही दंड. पुण्याचे संजय टकले यांनी जानेवारी 2025 मध्ये टोयोटा लँड क्रूझर घेऊन ही शर्यत पूर्ण केली, तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्ये पेढे वाटले गेले. एक मराठी माणूस जुन्या धर्तीची गाडी घेऊन अरबस्तानची वाळू पार करतो, याचं मोल पाना धरणाऱ्या हातांना चांगलं कळतं.

गाडी कोणती घ्यावी

बेळगावच्या एका तरुणाने कोडगूतल्या कॉफीच्या मळ्यातून महिंद्राचा जुना विलीज धर्तीचा पिकअप आणला. म्हणाला, “काका, हौदा पार सडलाय, पण चासी सरळ आहे. राजस्थानात न्यायचाय.” मला आवडलं. हौदा नवा बांधता येतो, वाकडी चासी मात्र जन्मभर त्रास देते.

विलीज पिकअपच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 118 इंच, म्हणजे जवळपास तीन मीटर. लांब गाडी लाटांसारख्या वाळूवर कमी उसळते आणि सरळ धावते. याच घराण्यातल्या एफसी-150 मध्ये हे अंतर केवळ 81 इंच असून केबिन थेट पुढच्या चाकांवर बसते. गल्लीबोळात ती झकास वळते, पण खड्ड्यात आपटली की सगळा दणका चालकाच्या कण्यात जातो. जबलपूरच्या वाहन कारखान्यात सैन्यासाठी बनलेल्या निसान वन-टन आणि जोंगा यांना 3,956 सीसीचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. दणकट, पण वजनदार आणि तहानलेलं. 1988 मध्ये आलेला टाटामोबाइल तुलनेने तरुण, आणि त्याचे सुटे भाग मिळण्याची आशा जास्त.

निवडीचा नियम एकच. ज्या गाडीचं मूळ रूप आधीच हरवलं आहे, तीच शर्यतीसाठी घ्यावी.

सांगाडा

काम सुरू होतं ते सगळं उतरवून. हौदा, केबिन, इंजिन बाजूला ठेवून नुसती चासी स्टँडवर घ्यायची. ओळंबा सोडून ठरावीक जागांच्या खुणा खडूने जमिनीवर करायच्या आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे नसतील तर चासीला पीळ आहे.

मग तडे शोधायचे. स्प्रिंगांचे हँगर, स्टीअरिंग बॉक्सची जागा, आडवे पट्टे जोडणारे रिव्हेट, या ठिकाणी तडा हमखास सापडतो. पत्रा घासून त्यावर रॉकेल लावायचं, पुसायचं आणि खडूची भुकटी भुरभुरायची. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल भुकटीवर बारीक रेघ उमटवतं. आता याच तत्त्वावरचा लाल रंगाचा स्प्रे मिळतो. माझे उस्ताद हे काम यादवगिरीतल्या आयडियल जावाच्या मोटारसायकल कारखान्यात शिकले होते. तो कारखाना 1996 मध्ये बंद झाला, पण नजरेने आणि बोटाने धातू तपासायची त्यांची शिस्त त्यांनी आमच्या हातात उतरवली.

तडा नुसता भरून चालत नाही. त्याच्या टोकाला छिद्र पाडून तो पुढे सरकण्यापासून थांबवायचा, मग वेल्डिंग, आणि वरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी. चौकोनी पट्टीची उभी कड चासीला आडवी जाते आणि सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. तिरप्या कडांमुळे तो पसरतो. चासीच्या वरच्या-खालच्या ओठावर आडवं वेल्डिंग कधीही करू नये, नवा तडा तिथूनच निघतो.

पाटे, शॉक आणि चाकं

गाडी एक मीटर उंचीवरून पडली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी सुमारे 16 किलोमीटर असतो. हा दणका पाटे झेलतात, पण झेललेली ऊर्जा पाटे परत उसळवतात. ती संपवण्याचं काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं. तो हालचालीची उष्णता करतो. सलग खडबडीत वाटेवर साधा शॉक इतका तापतो की आतल्या तेलाला फेस येतो आणि गाडी होडीसारखी डोलू लागते. म्हणून नायट्रोजनचा दाब असलेले, तेलाची वेगळी टाकी असलेले शॉक लावतात. वर रबराचे बंप स्टॉप आणि खाली अ‍ॅक्सल लटकताना धरून ठेवणारे जाड पट्टे, म्हणजे शॉक स्वतः टोकाला जाऊन तुटत नाही.

पिकअपची खरी अडचण तिची हलकी शेपूट आहे. हे पाटे माल वाहण्यासाठी केलेले असतात. रिकाम्या हौद्याखाली ते ताठ राहतात आणि मागची चाकं हवेत नाचतात. पाटे कमी करून लांब आणि लवचीक करावेत. दोन स्टेपन्या, पाणी, हत्यारं हे सगळं केबिनच्या पाठीला लागून, शक्य तितकं खाली बांधावं.

वाळूत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे टायरमधली हवा कमी करणं. हिशोब सोपा आहे. 1,800 किलोच्या गाडीचं एका चाकावर साधारण 450 किलो वजन येतं. 35 पीएसआय हवेला टायर जमिनीवर सुमारे 180 चौरस सेंटिमीटर टेकतो, तर 15 पीएसआयला जवळपास 430. टेकणारी जागा दुपटीहून जास्त, त्यामुळे गाडी वाळूवर तरंगते. खडकाळ भाग आला की मात्र हवा भरायलाच हवी, नाहीतर टायरची बाजू फाटते. म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत लागतोच.

धूळ आणि उष्णता

वाळूतला गारगोटीचा कण काठिण्याच्या मोजपट्टीवर सातव्या पायरीवर आहे, सिलिंडरच्या बिडाहून कठीण. 2.2 लिटरचं जुनं इंजिन 3,000 फेऱ्यांवर मिनिटाला अडीच हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. त्या हवेतली चिमूटभर धूळ तेलात मिसळली की घासायची पेस्ट तयार होते आणि पिस्टन रिंगा काही दिवसांत संपतात. जुन्या गाड्यांतला तेलाचा एअर क्लीनर गुणी आहे, पण तीव्र उतारावर तेल सांडतो. मी त्या जागी कागदी फिल्टर आणि त्याच्या आधी धूळ फिरवून बाहेर टाकणारा प्री-क्लीनर बसवतो. हवा केबिनच्या छताजवळून घेतो, तिथे धूळ कमी असते. नळीच्या प्रत्येक सांध्याला दोन क्लिपा. गाळण कितीही चांगली असली तरी सांधा गळका असेल तर उपयोग नाही.

उष्णतेचं असं की वाळूत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावत हळू चालते. इंजिन पूर्ण कष्टात, आणि समोरून वारा जेमतेम. म्हणून जास्त रांगांचा रेडिएटर, पंख्याभोवती पत्र्याचं कडं आणि शाबूत प्रेशर कॅप हवी. कॅपमुळे वाढणाऱ्या दर 1 पीएसआय दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर न्यावी, नाहीतर पेट्रोलची वाफ होऊन पंप निकामी होतो. जुन्या पेट्रोल गाड्या उन्हात बंद पडण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

इंजिनाची पाळी यानंतर येते. विलीजचं ‘हरिकेन’ इंजिन सुमारे 75 अश्वशक्तीचं. मूळ मापाचा बोअर, नव्या रिंगा, नीट बसलेले व्हॉल्व्ह, एवढ्यावर ते विश्वासाने धावतं. ज्यांना त्यापुढचे प्रयोग करायचे आहेत त्यांनी म्हैसूरच्याच सोमेंदर सिंग यांचं काम पाहावं. सिलिंडर हेडमध्ये खोबणी कोरून जळण सुधारण्याच्या कल्पनेवर त्यांना 2001 मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं.

माणूस आधी

खर्चाच्या यादीत पहिली ओळ रोल केजची. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) नियमांनुसार मुख्य कमानीची नळी सांधा नसलेल्या, थंड ओढलेल्या पोलादाची लागते : 45 मिलिमीटर व्यास आणि अडीच मिलिमीटर जाडी, किंवा 50 व्यास आणि 2 जाडी. पाण्याच्या पायपाचा पिंजरा दिसायला तसाच दिसतो आणि उलटताना दुमडतो. तो बसवणाऱ्याला मी परत पाठवतो. शिवाय शर्यतीची सीट, पट्टा, आग विझवायची नळकांडी, आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून बॅटरी तोडता येईल असा स्विच. जुन्या स्टीअरिंगला खड्ड्याचा झटका थेट येतो, म्हणून अंगठे चाकाच्या आत अडकवू नयेत, वरच्या कडेवर ठेवावेत. अंगठे मोडलेले चालक मी पाहिले आहेत.

कायदा आणि वाळवंट

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. जुलै 2021 मध्ये केंद्राने 50 वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, 20,000 रुपये शुल्क, 10 वर्षांची मुदत. पण अट अशी की चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे व्हिंटेज मान्यता आणि वाळवंटाची तयारी एकाच गाडीला एकदम मिळत नाही. शर्यतीची गाडी ट्रेलरवरून न्यावी, भारतीय मोटर स्पोर्ट्स महासंघाचा परवाना काढावा, आणि धावावं ते आखलेल्या वाटेवरच.

ही शेवटची गोष्ट मी आग्रहाने सांगतो, आणि त्याचं कारण एका झाडापासून सुरू होतं. विजयादशमीला म्हैसूर दसऱ्याची मिरवणूक, जंबू सवारी, राजवाड्याहून आमच्या बन्नीमंटपला येते, कारण इथे राजघराणं शमीची पूजा करत असे. आदल्या दिवशी आयुधपूजेला आम्ही लेथ, पाने आणि गाड्यांना फुलं वाहतो. हीच शमी थरच्या वाळूत खेजडी म्हणून उभी असते. जोधपूरजवळच्या खेजडली गावात 1730 मध्ये अमृतादेवींसह 363 बिश्नोईंनी ही झाडं वाचवण्यासाठी प्राण दिले. त्याच थरमध्ये, जैसलमेरच्या मुलुखात, आज माळढोक पक्षी अखेरचे श्वास मोजतो आहे. वाळवंट रिकामं नसतं. वाट सोडून फिरवलेली गाडी तिथलं घरटं आणि रोप चिरडते.

बेळगावच्या त्या पिकअपचा केज उभा राहिला आहे, पाटे नवे झाले आहेत, रेडिएटर बसला आहे. इंजिन मूळचंच ठेवलं आहे. मालकाची आता काही तक्रार नाही.

तुम्हालाही असं काही करायचं असेल तर पैसे या क्रमाने खर्च करा : माणसाचा जीव, सांगाडा, हवा-पाणी, शॉक आणि चाकं, आणि उरलेच तर ताकद. आणि तुमच्या आजोबांचा पिकअप मूळ रंगात, मूळ इंजिनासह अजून गोठ्यात उभा असेल, तर त्याला कटर लावू नका. त्याचं तेल बदला, कागदपत्रं जपा आणि त्याची व्हिंटेज नोंदणी होते का ते विचारा. शर्यतीसाठी सडलेल्या गाड्या पुष्कळ मिळतील, शाबूत राहिलेल्या आता थोड्याच उरल्या आहेत.