मद्यजन्य यकृतविकार, विषाणुसंसर्ग आणि प्रतिकारक्षमतेची जनुके : एक विवेचन

प्रस्तावना :

उमरेड हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. एका बाजूला कोळशाच्या खाणी, दुसऱ्या बाजूला कऱ्हांडल्याचे जंगल आणि सभोवती शेतीवर जगणारी गावे असे या परिसराचे स्वरूप आहे. पूर्व विदर्भात मोहाच्या दारूची परंपरा जुनी आहे. तिच्या जोडीला आता परवानाप्राप्त देशी दारूही आहे. दारूबंदीचा प्रश्न या भागास नवा नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ साली व गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी लागू झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. या निमित्ताने झालेल्या चर्चेत महसूल, अवैध विक्री, स्त्रियांवरील अत्याचार व कुटुंबाची वाताहत हे मुद्दे ठळकपणे मांडले गेले आणि ते योग्यच होते. तथापि, मद्यपी व्यक्तीच्या यकृतात मद्यासोबत विषाणूही असू शकतो, ही बाब मात्र चर्चेबाहेरच राहिली.

एखाद्याच्या पोटात पाणी झाले, डोळे पिवळे पडले की ‘दारूने लिव्हर गेले’ असे म्हणून गावात विषय संपविला जातो. उलट वर्षानुवर्षे पिऊनही जो धडधाकट दिसतो त्याच्याविषयी ‘त्याला दारू पचते’ असे म्हटले जाते. पहिल्या विधानाने दुसऱ्या कारणाचा शोध थांबतो, तर दुसऱ्याने खोटा धीर मिळतो. या दोन्ही समजुतींची जनुकशास्त्र व प्रतिकारशास्त्र यांच्या आधारे तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मद्य आणि यकृताची प्रतिकारयंत्रणा :

मद्यातील अल्कोहोलचे विघटन प्रामुख्याने यकृतात होते. त्यातून प्रथम ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते व नंतर त्याचे रूपांतर ॲसिटेटमध्ये होते. दीर्घकाळ मद्यसेवन केल्यास यकृतपेशींत चरबी साठते, पुढे दाह होतो आणि अखेरीस यकृत कठीण होऊन आकसते. या अवस्थेस यकृतकाठिण्य अर्थात सिऱ्होसिस म्हणतात.

यकृत हे केवळ पचनाशी संबंधित इंद्रिय नाही, तर ते शरीराच्या संरक्षणाचे मोठे ठाणेही आहे. आतड्यांकडून येणारे रक्त प्रथम यकृतात गाळले जाते. मद्यामुळे आतड्यांचे अस्तर सैल होते व जिवाणूंच्या आवरणातील विषद्रव्ये रक्तावाटे यकृतात पोहोचतात. तेथील भक्षक पेशी टीएलआर-४ आणि सीडी-१४ या ग्राहक प्रथिनांद्वारे ती ओळखतात व दाह उत्पन्न करणारी रसायने सोडतात. हा दाह रोज होत राहिला की त्याचे दोन परिणाम संभवतात. एकीकडे यकृताची हानी होते, तर दुसरीकडे विषाणूंविरुद्ध लढणारी यंत्रणा थकते. इंटरफेरॉनचे संदेश क्षीण होतात आणि नैसर्गिक मारक पेशींची धार बोथट होते. म्हणजेच मद्यपी व्यक्तीच्या शरीरात दाह अधिक आणि संरक्षण कमी अशी विपरीत स्थिती निर्माण होते.

तीन विषाणू :

या संदर्भात तीन विषाणूंचा विचार करावा लागतो. हिपॅटायटिस बी विषाणूच्या प्रतिजनाचा शोध बरूक ब्लूमबर्ग यांच्या १९६५ सालच्या संशोधनातून लागला. प्रौढपणी हा संसर्ग झाल्यास पाच टक्क्यांहून कमी व्यक्तींत तो कायमचा राहतो, मात्र जन्मावेळी वा शैशवात झाल्यास सुमारे ९५ टक्के बालकांत तो टिकून राहतो. हिपॅटायटिस सी विषाणूची ओळख १९८९ साली पटली. हे दोन्ही विषाणू मुख्यतः रक्तावाटे पसरतात. निर्जंतुक न केलेली सुई, सामायिक वस्तरा, जत्रेत एकाच सुईने अनेकांना केलेले गोंदण हे त्यांचे मार्ग होत. रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस सीची तपासणी २००१ साली अनिवार्य झाली. त्यापूर्वी रक्त घेतलेल्या व्यक्तींच्या बाबतीत ही शक्यता विशेषत्वाने लक्षात घ्यावी लागते.

तिसरा हिपॅटायटिस ई हा विषाणू दूषित पाण्यावाटे पसरतो. २०१२ साली इचलकरंजी येथे आलेली काविळीची साथ याच विषाणूची होती. निरोगी व्यक्ती या काविळीतून बहुधा बरी होते; परंतु ज्याचे यकृत मद्याने आधीच जर्जर झाले आहे त्याच्या बाबतीत हाच संसर्ग यकृत एकाएकी निकामी होण्यास कारणीभूत ठरू शकतो.

जनुकांची भूमिका :

जनुकातील लहानसा बदल रोगाचे चित्र कसे पालटतो, हे विदर्भातील वाचकास वेगळे सांगावे लागत नाही. नागपूर येथील शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील सिकलसेल गुणधर्माची नोंद प्रसिद्ध केली. ज्या व्यक्तीकडे सिकलसेलचे एकच जनुक असते तिला हिवतापाच्या गंभीर स्वरूपापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. दोन्ही जनुके सदोष असल्यास मात्र आजार जडतो. एकच जनुक एका परिस्थितीत ढाल ठरते आणि दुसरीत ओझे ठरते. यकृतविकारातही हेच तत्त्व लागू पडते.

विषाणू शरीरात टिकतो की निघून जातो, हे ठरविण्यात प्रतिकारक्षमतेच्या जनुकांचा वाटा असतो. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुके विषाणूचे तुकडे प्रतिकारपेशींपुढे मांडणाऱ्या प्रथिनांची रचना ठरवितात. त्यांपैकी एचएलए-डीपी गटातील काही बदलांचा दीर्घकालीन हिपॅटायटिस बी संसर्गाशी संबंध असल्याचे २००९ साली जपानमधील अभ्यासातून दिसून आले. नैसर्गिक मारक पेशींवरील केआयआर प्रथिने व एचएलए-सी यांची विशिष्ट जोडी असल्यास हिपॅटायटिस सी विषाणू आपोआप निघून जाण्याची शक्यता वाढते, हे २००४ साली सिद्ध झाले. एकोणिसाव्या गुणसूत्रावर आयएल-२८बी या नावाने ओळखल्या गेलेल्या इंटरफेरॉन जनुकाजवळील एका बदलाचेही महत्त्व २००९ साली असेच स्पष्ट झाले. हिपॅटायटिस सी झालेल्यांपैकी सरासरी ३० टक्के व्यक्ती उपचाराविना विषाणुमुक्त होतात. या भाग्यवंतांमध्ये अनुकूल जनुकरूप असणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळते.

मद्याने यकृत किती लवकर आकसेल, याच्याशी प्रामुख्याने निगडित असलेली जनुके मात्र वेगळी आहेत. सीडी-१४ जनुकाविषयी २००१ साली फिनलंडमध्ये झालेल्या अभ्यासाने आशा निर्माण केली होती; परंतु अशा लहान अभ्यासांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे आले नाहीत. २०१५ सालच्या व्यापक जनुकीय अभ्यासात पीएनपीएलए-३, टीएम६एसएफ-२ व एमबीओएटी-७ ही जनुके ठळकपणे पुढे आली. ही मुख्यत्वे यकृतातील मेदाच्या चयापचयाशी संबंधित आहेत. याचा अर्थ असा की, मद्यापासून होणारी हानी आणि विषाणूचा टिकाव यांच्या जनुकीय वाटा बऱ्याच अंशी भिन्न आहेत. ज्याला ‘दारू पचते’ असे म्हटले जाते त्याला विषाणूपासूनही संरक्षण असेलच असे नाही, आणि ज्याचे यकृत लवकर बिघडले त्याच्या बिघाडास केवळ दारूच कारणीभूत असेल असेही नाही.

अनुकूल जनुके लाभली तरी मद्य त्यांचा लाभ पूर्णपणे मिळू देईल याची हमी नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मद्यसेवनाचा इतिहास असणाऱ्यांमध्ये हिपॅटायटिस सी आपोआप बरा होण्याचे प्रमाण कमी आढळले. विषाणू टिकून राहिल्यावर मद्यसेवन चालूच असेल तर यकृतकाठिण्याकडे होणारी वाटचाल अधिक वेगाने होते. जनुके केवळ सुरुवातीचा कौल देतात; त्यानंतरचे बरेच काही आचरणावर व उपचारावर अवलंबून असते.

उपचार आणि प्रतिबंध :

आयएल-२८बी जनुकाचा पुढील इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. २००९ साली या जनुकावरून इंटरफेरॉन उपचाराला रुग्ण कसा प्रतिसाद देईल याचा अंदाज बांधला जात असे. २०१३ नंतर सोफोसबुव्हिरसारखी थेट विषाणूवर कार्य करणारी औषधे उपलब्ध झाली आणि बहुतांश रुग्णांत १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांच्या आसपास यश मिळू लागले. त्यामुळे या जनुकाचे व्यावहारिक महत्त्व फारसे उरले नाही. जनुकाने दिलेली प्रतिकूलता औषधाने ओलांडता येते, याचे हे ठळक उदाहरण होय. इंटरफेरॉनच्या काळात मद्यपी रुग्णास अनेकदा उपचारापासून दूर ठेवले जाई. नव्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मद्यसेवन हे उपचार नाकारण्याचे कारण मानले जात नाही. व्यसनमुक्तीचे साहाय्य आणि विषाणूवरील उपचार एकाच वेळी द्यावेत असे अपेक्षित आहे.

भारतात २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत शासकीय केंद्रांत हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी आणि उपचार विनामूल्य केले जातात. हिपॅटायटिस बी पूर्णपणे नाहीसा करणारे औषध नसले तरी त्यास आटोक्यात ठेवणारी औषधे आहेत आणि प्रतिबंधक लसही आहे. ही लस २०११-१२ पर्यंत देशभरातील बालकांच्या लसीकरणात समाविष्ट झाली. त्यापूर्वी जन्मलेले, म्हणजे आजचे बहुसंख्य प्रौढ, तिच्यापासून वंचित राहिले असण्याची शक्यता मोठी आहे. यकृत कठीण झाल्यावर लसीला मिळणारा प्रतिसाद क्षीण होतो. म्हणून ती शक्य तितक्या लवकर घेणे हितावह ठरते. हिपॅटायटिस ईपासून बचावासाठी पाणी उकळून पिणे हा साधा उपाय आजही तितकाच उपयुक्त आहे.

निष्कर्ष :

१) मद्यजन्य यकृतविकार असलेल्या प्रत्येक व्यक्तीची हिपॅटायटिस बी व सी यांसाठी तपासणी होणे आवश्यक आहे. ‘दारूने झाले’ हे निदान खरे असले तरी ते अपूर्ण असू शकते.

२) प्रतिकारक्षमतेची जनुके संसर्गाचा धोका कमीअधिक करतात; परंतु कोणत्याही एका जनुकावरून व्यक्तीचे भवितव्य सांगता येत नाही. या कामी जनुकचाचणीपेक्षा साधी रक्तचाचणी कितीतरी अधिक उपयोगी आहे.

३) मद्यत्याग, लसीकरण, शुद्ध पाणी व वेळीच उपचार हे चारही उपाय जनुके कशीही असली तरी लाभदायक ठरतात.

खाणकामगार, शेतमजूर व शेतकरी यांच्या घरातील विद्यार्थी ज्या महाविद्यालयांत शिकतात तेथील प्राध्यापकांकडे या विषयाचे ज्ञान असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे. पोटात पाणी झालेल्या वडिलांविषयी ‘आता काही उपयोग नाही’ असे घरी ऐकलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असू शकतो. ‘त्यांची बी आणि सीची तपासणी झाली आहे काय?’ हा एक प्रश्न त्याच्या हाती दिला, तर काही कुटुंबांना दारूच्या आड दडलेले, औषधाने बरे होणारे वा आटोक्यात राहणारे कारण वेळीच सापडू शकेल.