आत्म्याचा प्रवास आणि शुश्रूषा करणारे हात

‘मेल्यावर काय होते हो, डॉक्टर?’ हा प्रश्न वृद्ध रुग्ण बहुधा एकटे असताना विचारतात. मुलगा औषधे आणायला गेलेला असतो, सून स्वयंपाकघरात असते आणि मी रक्तदाब मोजत असतो. घरच्यांपुढे विषय काढला तर ‘काहीतरी अभद्र बोलू नका’ असे म्हणून त्यांना गप्प केले जाते. वैद्यकशास्त्राजवळ याचे उत्तर नाही. श्वास थांबतो, हृदय थांबते, मेंदूचे कार्य थांबते, येथवरच आमची विद्या पोहोचते. त्यापुढचे प्रत्येक परंपरेने आपापल्या परीने सांगितले आहे. शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी ते जाणून घ्यावे, कारण रुग्णाला अखेरीस कशाची भीती वाटते आणि कशाने धीर येतो, हे पुष्कळदा त्यावर ठरते.

कठोपनिषदात नचिकेताने हाच प्रश्न साक्षात यमाला विचारला. यमानेही प्रथम विषय टाळला आणि धन, दीर्घायुष्य, राज्य देऊ केले. तेव्हा आपल्या घरची माणसे फार वेगळे करतात असे नाही! आत्मा अविनाशी आहे आणि कर्मानुसार तो नवा देह घेतो, ही हिंदू श्रद्धा सर्वपरिचित आहे. गरुडपुराणाच्या परंपरेप्रमाणे पहिल्या दहा दिवसांच्या पिंडांतून जिवाला एकेक अवयव मिळत जातो आणि सपिंडीकरणानंतर तो पितरांत सामील होतो. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, की नातेवाईक हात जोडून ‘धाकटीच्या लग्नाचे आम्ही पाहू’, ‘आईला अंतर देणार नाही’ अशी वचने देऊ लागतात. माझे मत विचाराल तर ही वचने दहा-पंधरा दिवस आधी, खाटेजवळ बसून द्यावीत. शुद्ध हरपत चालली तरी ऐकू येणे बऱ्याच उशिरापर्यंत टिकत असावे, असे अलीकडच्या संशोधनावरून दिसते.

गंगाजलाविषयीही एक सांगणे आहे. ज्याची गिळण्याची शक्ती गेली आहे, त्याच्या तोंडात चमच्याने पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत उतरते आणि जीव घुसमटतो. कापसाचा बोळा भिजवून ओठ आणि जीभ ओलवावी व ओठांवर तुळशीचे पान ठेवावे. श्रद्धा राहते आणि ठसकाही लागत नाही.

जैन मतानुसार आत्म्याला वाट पाहावी लागत नाही. डोळ्याचे पाते लवण्याहून कमी काळात तो पुढच्या जन्माला जातो, म्हणून तेथे पिंडदानाला स्थान नाही. अखेरच्या क्षणी मन शांत असावे आणि कानी नवकार मंत्र पडावा, याला मात्र मोल आहे. बौद्ध विचार तर नित्य आत्माच मानीत नाही. 1956 साली नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. अशा घरी शेजाऱ्यांनी प्रेमापोटीही दहाव्याचा आग्रह धरू नये.

पारशी बांधवांच्या श्रद्धेनुसार आत्मा तीन रात्री देहाच्या आसपास असतो आणि चौथ्या पहाटे चिन्वत पुलावर त्याचा न्याय होतो. त्यांचे मृतदेह ज्या गिधाडांच्या स्वाधीन होत, ती भारतातून जवळजवळ नाहीशी झाली. कारण ठरले गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक, आपल्यापैकी अनेक जण गुडघेदुखीसाठी घेतात तेच!

इस्लाममध्ये मृत्यू आणि कयामत यांच्यामधल्या अवस्थेला बरजख म्हणतात. देहाला गुस्ल देऊन, कफन घालून लवकरात लवकर दफन करणे हे कर्तव्य समजतात. कोकणातील बेने इस्रायली ज्यू समाजातही दफनाला विलंब करीत नाहीत. अशा घरांत रात्री-अपरात्री मृत्यूचा दाखला मिळण्यासाठी धावपळ होते; म्हणून रुग्ण अत्यवस्थ असल्याचे नेहमीच्या डॉक्टरांना आधीच कळवून ठेवावे. वसई-गोव्याकडील कॅथलिक घरांत धर्मगुरूंकडून रुग्णाला तैलाभ्यंगाचा संस्कार हवा असतो. तो शक्यतो शुद्ध असतानाच व्हावा.

नेत्रदानाचा विषय निघाला की ‘या जन्मी डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे जन्मू’ अशी शंका आजही ऐकू येते. देहाला टाकून दिलेले वस्त्र मानणाऱ्या परंपरेत ही भीती कोठून शिरली, कोण जाणे. इच्छा असल्यास मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला फोन करावा. सुमारे सहा तासांच्या आत डोळे घेतले जावे लागतात. तोवर पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोके उशीने किंचित उंच करावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही नेत्रदान करता येते.

कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवावे की घरीच राहू द्यावे, हेही रुग्णालाच विचारावे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली अशा पूर्वलिखित इच्छापत्राला मान्यता दिली आणि 2023 साली पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येते. त्याच कागदासोबत शेवटी कोणती प्रार्थना हवी, कोणाला बोलवावे, दहन की दफन, हेही लिहून ठेवावे. छातीत पेसमेकर असेल तर तशीही नोंद करावी. दहनाच्या उष्णतेने त्याची बॅटरी फुटते, म्हणून तो आधी काढावा लागतो.